प्ल्यू (फ्रेंच शब्द)

प्ल्यू हा फ्रेंच भाषेतील नित्य वापराचा एक शब्द आहे. रोमन लिपीत तो पी, एल, यू व एस या चार अक्षरांनी लिहिला जातो. 'अधिक' आणि 'आता नाही' असे दोन परस्परविरुद्ध अर्थ या एकाच शब्दाला आहेत. लेखनात दोन्ही अर्थांसाठी एकच रूप असते. बोलताना मात्र शेवटच्या एसचा उच्चार होतो की नाही, यावरून पुष्कळदा अर्थ ठरतो.

व्युत्पत्ती

हा शब्द 'अधिक' या अर्थाच्या लॅटिन 'प्लूस' शब्दापासून आला असून त्याचे मूळ स्पेलिंग आजही कायम आहे. 'भरणे' या अर्थाच्या ज्या इंडो-युरोपीय धातूपासून तो बनला, त्याच धातूशी संस्कृतमधील 'पुरु' (पुष्कळ) व 'पूर्ण' हे शब्द निगडित आहेत.

'अधिक' या अर्थासाठी लॅटिनमध्ये 'मागिस' हा दुसरा शब्दही होता. तुलना दर्शविण्यासाठी स्पॅनिश, पोर्तुगीज व रोमानियन भाषांनी 'मागिस'पासून आलेले शब्द स्वीकारले, तर फ्रेंच व इटालियन भाषांनी 'प्लूस'पासून आलेले. फ्रेंचमध्ये 'मागिस'चे रूपांतर 'मे' असे होऊन त्याचा अर्थ 'परंतु' असा झाला.

उच्चार

* प्ल्यू : नकारार्थी वाक्यात, तसेच व्यंजनाने सुरू होणाऱ्या विशेषणापूर्वी. उदा. 'प्ल्यू ग्रां' (अधिक मोठा).
* प्ल्यूझ : स्वराने सुरू होणाऱ्या विशेषणापूर्वी. उदा. 'प्ल्यूझ एलेगां' (अधिक सुरेख).
* प्ल्यूस : होकारार्थी वाक्याच्या शेवटी आणि गणितातील बेरजेत. उदा. 'दो प्ल्यूस दो' (दोन अधिक दोन).

'उत्तरोत्तर अधिक' या अर्थाच्या 'द प्ल्यूझां प्ल्यूस' या शब्दप्रयोगात यांपैकी दोन उच्चार एकत्र येतात. यातील 'यू'चा स्वर मराठीत नाही. ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यास तो साधतो. देवनागरीतील 'प्ल्यू' हे त्याचे केवळ जवळचे लेखन होय.

नकारार्थी अर्थ

फ्रेंचमध्ये मूळ नकारदर्शक शब्द 'न' हा होता. नकाराला जोर देण्यासाठी त्याच्या जोडीला दुसरा शब्द येऊ लागला. 'पा' (पाऊल), 'र्यां' (मूळ अर्थ वस्तू) व 'पेर्सोन' (व्यक्ती) हे शब्द असेच नकाराशी जोडले गेले. 'न' आणि 'प्ल्यू' मिळून 'याहून अधिक नाही', म्हणजेच 'यापुढे नाही' असा अर्थ तयार झाला.

आजच्या बोलीभाषेत 'न' बहुधा गळतो आणि नकाराचा सारा भार 'प्ल्यू'वर येतो. त्यामुळे 'झां व्हो प्ल्यूस' म्हणजे 'मला आणखी हवे', तर 'झां व्हो प्ल्यू' म्हणजे 'मला आता नको'. जेवताना एसचा उच्चार चुकल्यास वाढणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. औपचारिक लेखनात 'झ नां व्हो प्ल्यू' असा 'न' कायम राहतो व संदिग्धता उरत नाही.

क्रियापद नसलेल्या मजकुरात ही संदिग्धता अधिक जाणवते. चिठ्ठीवर लिहिलेल्या 'प्ल्यू द काफे' या शब्दांचा अर्थ 'अधिक कॉफी' किंवा 'कॉफी संपली' असा दोन्ही प्रकारे लागू शकतो. अशा ठिकाणी संदर्भ हाच आधार असतो.

इतर उपयोग

* तुलना : विशेषणापूर्वी 'प्ल्यू' तरभाव दर्शवितो, त्याआधी 'ल' किंवा 'ला' हे उपपद आल्यास तमभाव व्यक्त होतो. मात्र 'बों' (चांगला) या विशेषणाचे तरभावाचे रूप 'मेयर' असे स्वतंत्र आहे.
* जोडवाक्ये : दोन उपवाक्यांच्या आरंभी हा शब्द आल्यास मराठीतील 'जितके... तितके' या रचनेसारखा अर्थ होतो.
* 'नों प्ल्यू' : नकाराला दुजोरा देताना 'सुद्धा नाही' या अर्थी. 'म्वा नों प्ल्यू' म्हणजे 'मीसुद्धा नाही'. येथे एसचा उच्चार होत नाही.
* निरोप : 'आ प्ल्यू तार' (नंतर भेटू) याचे संक्षिप्त रूप 'आ प्ल्यूस' असे आहे. संक्षेप करताना एसचा उच्चार होतो. मोबाइल संदेशांत ते ए या अक्षरापुढे अधिकचे चिन्ह देऊनही लिहितात.
* व्याकरण : भूतकाळातील एका घटनेच्या आधीची घटना सांगणाऱ्या काळाला 'प्ल्यूस्कपार्फे' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'पूर्णाहून अधिक' असा आहे.
* नामकरण : 1984 मध्ये सुरू झालेल्या 'कॅनाल प्ल्यूस' या फ्रेंच दूरचित्रवाणी वाहिनीच्या नावात हा शब्द अधिकच्या चिन्हाने दर्शवितात.

मराठीशी तुलना

मराठीत 'आणखी हवे' व 'आणखी नको' यांतील भेद क्रियापदातून स्पष्ट होतो. 'आणखी'चा अर्थ बदलत नाही. त्यामुळे फ्रेंच शिकणाऱ्या मराठी भाषकाला 'प्ल्यू' ऐकताना शेवटच्या ध्वनीकडे आणि वाचताना 'न'कडे लक्ष द्यावे लागते. मराठीत रूढ असलेला 'प्लस' हा शब्द इंग्रजीतून आला असून त्याचे मूळही लॅटिन 'प्लूस' हेच आहे. मात्र त्याला नकारार्थी अर्थ नाही.