‘मी गे नाही’ म्हणणाऱ्या पुरुषांपर्यंत एचआयव्हीची माहिती का पोहोचत नाही?

‘तुम्ही गे आहात का?’ असं विचारलं, तर अनेक पुरुष ‘नाही’ म्हणतील. ‘तुमचे कधी पुरुषासोबत शरीरसंबंध आले आहेत का?’ असं विचारलं, तर त्यांच्यातलेच काही जण जरा थांबून ‘हो’ म्हणतील. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. पण पहिल्याच प्रश्नावर बोलणं संपलं, तर तो माणूस एचआयव्हीची चाचणी न करताच घरी जातो.

एमएसएम म्हणजे कोण?

एमएसएम म्हणजे ‘मेन हू हॅव सेक्स विथ मेन’, पुरुषांसोबत शरीरसंबंध ठेवणारे पुरुष. एड्सवर काम करणाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा शब्द रूढ केला. माणूस स्वतःला काय म्हणवतो, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. तो काय करतो, एवढंच यात पाहिलं जातं. स्वतःला गे म्हणवणारा तरुण यात येतो, तसाच लग्न झालेला, मुलंबाळं असलेला पुरुषही येतो.

कोती, पंथी आणि डबल-डेकर

भारतातल्या शहरांमध्ये या जगाची स्वतःची भाषा आहे. ‘कोती’ म्हणजे हावभावाने बायकी आणि संबंधात बहुतेकदा स्वीकारणाऱ्याच्या भूमिकेत असणारा पुरुष. ‘पंथी’ हे कोतींनी आपल्या पुरुषी जोडीदाराला दिलेलं नाव. दोन्ही भूमिका घेणारा तो ‘डबल-डेकर’. इंग्रजी शिकलेल्या वर्गात यापेक्षा ‘गे’, ‘बाय’, ‘टॉप’, ‘बॉटम’ हे शब्द जास्त ऐकू येतात.

इथेच जनजागृतीची अडचण सुरू होते. कोती बागेत, स्टेशनजवळ भेटतो, ओळखू येतो, त्यामुळे संस्थांचे कार्यकर्ते त्याच्यापर्यंत पोहोचतात. पंथी मात्र स्वतःला चारचौघांसारखाच पुरुष मानतो. ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून तो पत्रक घेत नाही. सुरुवातीच्या प्रचाराचा भर ट्रकचालक आणि वेश्यावस्तीवर होता. त्यामुळे एड्स बाईकडूनच होतो, पुरुषाकडून नाही, हा चुकीचा समजही अनेकांच्या डोक्यात बसला. त्याचा धोका त्याच्या घरी असलेल्या बायकोलाही असतो आणि तिला यातलं काहीच माहीत नसतं.

धोका जास्त का?

२०१४-१५च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एमएसएम गटात एचआयव्हीचं प्रमाण ४.३ टक्के आढळलं. त्याच काळात देशातल्या प्रौढांमधलं अंदाजित प्रमाण ०.२६ टक्के होतं.

एक कारण शरीराचं आहे. गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक असतं, त्याला सहज इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. स्वीकारणाऱ्याला धोका जास्त असतो, पण दुसऱ्यालाही असतोच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरलं तर लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. म्हणून पाण्यावर आधारित लुब्रिकंटच वापरायचं.

दुसरं कारण भीतीचं. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ पुरुषांमधल्या संमतीच्या संबंधांनाही गुन्हा ठरवत होतं. १९९४मध्ये तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला प्रशासनाने नकार दिला होता. २००१मध्ये लखनऊत एचआयव्हीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच या कलमाखाली अटक झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. कायदा बदलला, पण ‘कोणी पाहिलं तर?’ ही धास्ती अजून गेलेली नाही.

मुंबईत काय घडलं?

अशोक राव कवी यांनी १९९०मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभी राहिली. समाजातल्याच माणसाने समाजातल्या माणसाशी बोलायचं, कंडोम द्यायचे, चाचणीला सोबत जायचं, ही पद्धत अशा संस्थांनी रुजवली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ने हे काम मराठीतून केलं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे ‘नॅको’च्या कार्यक्रमातही हीच पद्धत आहे.

आता भेटीगाठी बागेतून मोबाइलवर आल्या आहेत. डेटिंग ॲपवर जुळलेली दोन माणसं थेट कोणाच्या तरी खोलीवर भेटतात. तिथे कार्यकर्ता नसतो. काही महानगरांत नशा करून सेक्स करण्याचा, म्हणजे ‘केमसेक्स’चा प्रकारही दिसतो. त्या अवस्थेत कंडोमचं भान राहत नाही.

आज काय करता येतं?

• चाचणी: सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत होते. ताज्या संसर्गात ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जोखीम कायम असेल तर दर सहा महिन्यांनी.

• पेप: कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू करायची औषधं. २८ दिवस घ्यावी लागतात.

• प्रेप: एचआयव्ही नसलेल्यांनी संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यायची गोळी. चाचणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. इतर गुप्तरोग मात्र तिने टळत नाहीत.

• उपचार: एआरटी औषधं सरकारी केंद्रांत २००४पासून मोफत मिळतात. ती नियमित घेतल्याने रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

• गोपनीयता: एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणं, माहिती फोडणं किंवा एचआयव्हीमुळे नोकरी अथवा उपचार नाकारणं या कायद्याने बेकायदेशीर आहे.

माहिती हवी असेल तर नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे: १०९७. तुम्ही स्वतःला गे म्हणवता, बाय म्हणवता की काहीच म्हणवत नाही, याने विषाणूला फरक पडत नाही. ही पोस्ट कोणाला पाठवायची असेल, तर ‘तू गे आहेस का?’ हे न विचारताच पाठवा.