कुपारी समाज : कुटुंबविधी व लोकसंस्कृती

महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात राहणारा, मराठीची एक बोली बोलणारा रोमन कॅथलिक ख्रिस्ती समाज. यास ‘सामवेदी ख्रिस्ती’ असेही म्हणतात. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील व आसपासच्या गास, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, उमराळे, नंदाखाल इ. गावांत या समाजाची वस्ती प्रामुख्याने आहे. नालासोपारा हे नावच नाळे व सोपारे या दोन गावांच्या नावांपासून बनलेले आहे. या समाजाचा परंपरागत व्यवसाय बागायतीचा. त्याच्या बोलीस सामवेदी किंवा कादोडी ही नावे आहेत. गेल्या पाच शतकांत या भूभागावर एकामागून एक चार राजवटी आल्या. तथापि समाजाची ओळख मुख्यतः घरातील विधी, अंगणातील गाणी आणि नात्यागोत्याचे व्यवहार यांतून टिकून राहिली.

नाव : ‘कुपारी’ या शब्दाची व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ या शब्दापासून सांगितली जाते. मुलाच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी जो गृहस्थ त्याचा धर्मपिता होतो, तो आणि मुलाचा जन्मदाता पिता हे एकमेकांस ‘कोंपाद्रे’ म्हणजे सहपिता असे संबोधतात. गोव्याच्या कोकणीत याच शब्दाचे ‘कुंपार’ असे रूप आढळते. एका घरगुती संस्कारातून निर्माण होणारे नाते हेच पुढे साऱ्या समाजाचे नाव झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. धर्मांतराने जुन्या जातिसमूहातील सोयरीक तुटली, तेव्हा नव्या धर्मातील या मानलेल्या नात्याने घराघरांना पुन्हा एकमेकांशी बांधले, असा या नावाचा सामाजिक अर्थ लावता येतो. ‘सामवेदी’ हे दुसरे नाव मात्र धर्मांतरापूर्वीच्या वंशपरंपरेची आठवण जपते. आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते, अशी समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. याच परिसरात राहणारे हिंदू सामवेदी ब्राह्मणही हीच बोली बोलतात व तेही पूर्वापार बागायतदार आहेत. एक बोली व एक व्यवसाय असलेले हे दोन समाज आज दोन धर्मांत विभागलेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन शूर्पारक म्हणजेच आजचे सोपारे, हे अपरान्ताचे महत्त्वाचे बंदर होते. येथील बुरुड राजाचा कोट या टेकाडाचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले. त्या वेळी स्तूपाच्या गर्भातून दगडी करंडक, त्यातील लहान करंड, ब्राँझच्या बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा, तर १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा खंड उपलब्ध झाला. बौद्ध, जैन व ब्राह्मणी या तिन्ही परंपरांत सोपाऱ्यास स्थान आहे. उत्तर कोकणातील वसाहती व जातिकुळे यांविषयीच्या मध्ययुगीन परंपरा महिकावतीच्या बखरीत आढळतात. ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांच्या धर्मोपदेशकांनी या प्रदेशात धर्मप्रसार केला. त्यांच्या चर्चवास्तूंचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही दिसतात. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले व १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. धर्मांतरित कुटुंबांनी परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज यांसारखी पोर्तुगीज आडनावे घेतली; परंतु शेती, अन्न, बोली व विवाहाचे बहुतेक लौकिक आचार पूर्वीचेच राहिले.

विधींवरील निर्बंध : हे लौकिक आचार धर्मसत्तेच्या दृष्टीने संशयास्पद होते. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाची अधिकारकक्षा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सर्व मुलखापर्यंत पोहोचत होती. या न्यायालयाने १७३६ मध्ये काढलेला आदेश प्रसिद्ध आहे. एतद्देशीय ख्रिस्ती लोकांनी लग्नात परंपरागत गाणी म्हणू नयेत, वधूवरांस हळद व तेल लावू नये, सुपारी-विड्याची देवाणघेवाण करू नये, अंगणात तुळस ठेवू नये, एकादशी पाळू नये, अशा मनाया त्यात होत्या. ज्या आचारांवर बंदी घालावी लागली, ते धर्मांतरानंतर दोनशे वर्षांनीही घराघरांत चालू होते, याचा हा आदेश म्हणजे एक अप्रत्यक्ष पुरावाच होय. सुपारी, विडा, हळद व गाणे यांना त्या काळच्या न्यायालयाने धर्माचरण मानले. कुटुंबांच्या दृष्टीने ती लग्न लागल्याची खूण होती.

या आदेशानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला उपासनेचे स्वातंत्र्य राहील अशी हमी होती. युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि येथील ख्रिस्ती लोकांची धार्मिक जबाबदारी मुख्यतः गोव्याकडील देशी धर्मगुरूंवर आली. चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत नेण्यात आल्या. नासिकचे नारोशंकराचे मंदिर व वाई जवळील मेणवली येथील घंटा सुपरिचित आहेत. अशा रीतीने पोर्तुगीज राज्य गेले, धर्मसंघ गेले, इन्क्विझिशनचा धाक गेला. परंतु समाज ख्रिस्ती राहिला, आणि त्याचबरोबर हळदही राहिली. धर्म व लोकाचार या दोहोंपैकी एकाचीच निवड केली पाहिजे, हा आग्रह सत्ताधाऱ्यांचा होता; लोकांनी तो व्यवहारात कधीच पूर्णतः मानला नव्हता, असे यावरून दिसते.

विवाहविधी : पूर्वी कुपारी समाजातील विवाहसोहळा अनेक दिवस चाले. मांडव घालणे, हळद, आप्तेष्टांची जेवणावळ, चर्चमधील विवाहसंस्कार, वरात आणि नंतरचे मानपान असे त्याचे टप्पे असत. मांडवाच्या उभारणीत केळीचे खुंट व आंब्याचे डहाळे वापरीत. शेजारी व भाऊबंद यांनी मिळून मांडव घालणे, भाज्या चिरणे, स्वयंपाक करणे ही कामे वाटून घेण्याची पद्धत होती. त्यामुळे विवाह हा दोन कुटुंबांचा करार असला, तरी प्रत्यक्षात तो साऱ्या आळीचा उद्योग असे. मुंबई, साष्टी व वसई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ‘उंबराचे पाणी’ हा विधी प्रचलित आहे : वधूवरांच्या स्नानासाठी स्त्रिया वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. उंबर हा मराठी लोकपरंपरेत पवित्र मानलेला वृक्ष असून ख्रिस्ती विवाहात त्याचे नाव टिकून राहणे, हे जुन्या लोकाचाराचे द्योतक होय.

विवाहगीते ही स्त्रियांनी मौखिक परंपरेने जतन केलेली कला होय. ती कादोडी बोलीत असून वयस्क स्त्रिया म्हणतात व इतर त्यांना साथ देतात. या गीतांचे महत्त्व समजण्यास एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) चर्चमधील उपासनेची भाषा लॅटिन होती. म्हणजे संस्काराचे शब्द बहुसंख्य वऱ्हाडी मंडळींना अनाकलनीय होते. वधूला निरोप देणे, व्याह्यांची थट्टा करणे, गेलेल्या वडीलधाऱ्यांची आठवण काढणे, हे सारे तिच्या स्वतःच्या भाषेत घडे ते मांडवात. परिषदेनंतर मराठीतून उपासना सुरू झाली आणि चर्च व मांडव यांच्यातील हे भाषिक अंतर कमी झाले. तथापि चर्चची भाषा प्रमाण मराठी आणि घराची भाषा कादोडी, असा फरक राहिलाच.

वेशभूषेत स्त्रियांचे लाल रंगाचे लुगडे व सोन्याचे दागिने आणि पुरुषांचे धोतर, कोट व लाल टोपी ही या समाजाची परंपरागत वैशिष्ट्ये होत.

बागायत व सण : कुटुंबविधींचा आधार बागायती शेती हा होता. केळी, पानवेली, भाजीपाला व फुले ही येथील मुख्य पिके. बागेत खोदलेल्या ‘बावखल’ नामक मोठ्या तळवजा विहिरीत पावसाचे पाणी साठवीत आणि रहाटाने ते पिकांस देत. पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून व केळीच्याच सुक्या पानांत बांधून तयार केलेली सुकेळी ही या भागाची खासियत आहे. १८६० नंतरच्या दशकात मुंबईकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाल्यावर येथील माल मुंबईच्या बाजारात रोजच्या रोज जाऊ लागला. मांडवाचे खुंट, जेवणाची पाने, विड्याची पाने, वधूवरांची फुले ही सर्व घरच्या बागेतून येत. लग्नाचा खर्चही बागेच्या उत्पन्नातूनच भागे.

भातकापणीच्या सुमारास पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा ‘आगेरा’ हा सण ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजरा करतात. निर्मळ येथे कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी यात्रा हिंदूंची असली, तरी तीत परिसरातील ख्रिस्ती कुटुंबेही खरेदीसाठी व भेटीगाठींसाठी जातात. त्याचप्रमाणे वसईजवळील रमेदी मातेच्या सणाला हिंदू भाविकही येतात.

भाषा व साहित्य : जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) सामवेदी व वाडवळी या बोलींची नोंद आहे. कादोडीची मूळ चौकट मराठीची असून तीवर कोकणी, गुजराती व पोर्तुगीज यांचे संस्कार झालेले आहेत. मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन करून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ केले. वसईच्या खाडीपलीकडे मात्र कुपारी, वाडवळ ही समाजांची स्वतंत्र नावे अधिक प्रचारात राहिली. मराठी माध्यमातील शिक्षणामुळे या परिसरातून मराठी लेखकांची परंपरा निर्माण झाली. नंदाखाल येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या सुबोध बायबल या ग्रंथास साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसई धर्मप्रांताची स्वतंत्र स्थापना १९९८ मध्ये झाली.

स्थित्यंतर : विसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजापुढे वेगळ्याच स्वरूपाचे आव्हान उभे राहिले. वसई–विरार परिसराच्या नियोजनासाठी १९९० मध्ये सिडकोची नेमणूक झाली व नालासोपारा, विरार, वसई रोड या स्थानकांभोवती इमारतींची दाट वस्ती वाढत गेली. बागायती व पाणी यांच्या रक्षणासाठी फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. २००९ मध्ये वसई–विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा चार नगरपरिषदांबरोबर अनेक गावेही तीत समाविष्ट करण्यात आली. ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. २९ गावे वगळण्यासंबंधीचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला.

या बदलांचा परिणाम कुटुंबविधींवर होणे अपरिहार्य होते. अनेक बावखले बुजली, बागांची वाटणी व विक्री झाली, तरुण पिढी नोकरीकडे वळली आणि इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाने घरातील कादोडीचा वापर घटला. अनेक दिवसांचे लग्न आटोपशीर झाले. अंगणातील मांडवाची जागा बहुधा सभागृहाने घेतली. लाल लुगडे रोजच्या वापरातून गेले, पण हळदीच्या दिवशी व सांस्कृतिक मेळाव्यांत ते आवर्जून नेसले जाते. समाजातील मंडळांनी बोली, गीते, पोशाख व खाद्यपदार्थ यांच्या जतनाचे प्रयत्न चालविले आहेत.

पोशाख व खाद्यपदार्थ मेळाव्यात टिकू शकतात. गीतांचे तसे नाही. वधूचे माहेर, तिचे आप्त, बाग व विहीर यांच्या उल्लेखांनी ती त्या त्या प्रसंगी घडतात. ती म्हणणारी वृद्ध स्त्री आणि समजणारी मुलगी अशा दोघींचीही त्यांना आवश्यकता असते. १७३६ च्या आदेशाने गाण्यास मनाई केली, तरी गाण्याची बोली व तिला आधार देणारी बाग घराजवळच होती. म्हणून गाणे राहिले. आज मनाई कोणाचीच नाही. परंतु बोली व बाग ही दोन्ही क्षीण होत आहेत. त्यामुळे या लोकपरंपरेचे भवितव्य मुख्यतः घरात मुलांशी कोणती भाषा बोलली जाते यावर अवलंबून आहे.