दादासाहेब फाळक्यांचा काशीवास

हाती घेतलेले कार्य मोडले, दावा हरला वा आप्तांशी वितुष्ट आले, की काशीची वाट धरावी, ही महाराष्ट्राची जुनी रीत. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी पेशवेपदाचा हक्क सोडून इंग्रजांचा तनखा पत्करला, तेव्हा तेही अखेरीस काशीसच जाऊन राहिले. याच वाटेने एका शतकानंतर धुंडिराज गोविंद फाळके गेले.

अपयशाची ओळख त्यांना नवी नव्हती. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला असता प्लेगने प्रथम पत्नी व अपत्य हिरावून नेले; पुढे छापखाना नावारूपास आणला, तो भागीदारांशी बेबनाव होऊन सोडावा लागला; आणि विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून, विलायतेहून यंत्र आणून, दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंच्या साथीने त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सिद्ध केला व ३ मे १९१३ पासून तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांना दाखविला, तेव्हा ही साडेसाती सरली असेच कोणासही वाटले असते. परंतु १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत नाशकास हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि कलावंताच्या हातास हिशेबाचा काच बसू लागला. अल्पावधीतच राजीनामा देऊन ते सहकुटुंब काशीस निघून गेले.

संपादक अच्युतराव कोल्हटकरांनी आपल्या ‘संदेश’ पत्रातून त्यांना परत येण्याची विनवणी केली, तेव्हा चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठविले. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. झाले गेले विसरा, असा उपदेश करणारे आपल्याकडे थोडे नाहीत. पण ज्याने स्वतःच्या हाताने एक विद्या या देशात रुजविली, त्याच विद्येच्या घरातून त्यास बाहेर पडावे लागले, तर ते दुःख मरणाच्याच मापाचे आहे असे उघड म्हणण्याचा अधिकार त्यास असतो, आणि फाळक्यांनी तो निःसंकोच बजावला. त्या शोकात त्यांची लेखणी मात्र थांबली नाही. तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी काशीतच लिहिले. १९२२ साली त्याचे प्रयोग झाले. ते अतोनात लांबले होते, प्रेक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही आणि पैसाही हाती उरला नाही.

एवढे झाल्यावर ते नाशकास परतले, ते भागीदार म्हणून नव्हे, तर जी कंपनी आपल्या कर्तृत्वावर उभी राहिली होती तिचेच पगारी निर्मितिप्रमुख म्हणून. हा कमीपणा त्यांना बोचला नसेल असे मानणे म्हणजे त्यांच्या मानी स्वभावाचा विसर पडणे होय. पुढेही खटके उडाले, ते पुन्हा बाहेर पडले, स्वतंत्र संस्था काढली, ती पैशाअभावी अडली आणि जुन्याच भागीदाराच्या साहाय्याने ‘सेतुबंधन’ कसेबसे तडीस गेले; तोवर मूकपटांचा जमाना उलटून बोलपट आले होते. कोल्हापुरास ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट त्यांनी पुरा केला, तो १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.