बैठकीला कोण कोण होतं?

आमच्या गावची ग्रामपंचायत एकदा बिनविरोध झाली होती. गुलाल, फेटे, पेपरात फोटो, सगळं झालं. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरी येऊन आजीला कौतुकानं सांगितलं, "बघ, गावात एकी आहे." आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बैठकीला कोण कोण होतं ते इचार आधी."

विचारलं. बैठक देवळाच्या सभामंडपात झाली होती. तीन भावक्यांचे कर्ते पुरुष होते. बाई एकही नव्हती. खालच्या वस्तीतल्या एकाला शेवटी बोलावून घेतलं, ठरलेलं सांगायला. राखीव जागेवर वस्तीतून कोणी उभं राहायचं, हेसुद्धा त्या सभामंडपातच ठरलं होतं. कायद्यानं बघायला गेलं तर कुठेही चूक नाही. चार माणसं देवळात बसून बोलली, तर कोण कुणावर केस करणार?

हे आज आठवायचं कारण म्हणजे परवा मित्रांमध्ये झालेला एक वाद. प्रश्न असा होता: एखाद्या राजकीय पक्षानं "आमच्यात फक्त अमुक वंशाचे", "फक्त अमुक जातीचे" किंवा "फक्त पुरुष" असा नियम केला, तर समतेचा कायदा त्याला लागू करावा का? बहुतेकांचं म्हणणं, पक्ष ही खासगी संघटना आहे, कुणाला घ्यायचं ते त्यांचं ते बघतील, पटत नसेल तर दुसरा पक्ष काढा. मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. टेक्सासचा इतिहास वाचल्यावर म्हणायचं बंद केलं.

अमेरिकेत काळ्या नागरिकांना मताचा हक्क १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं मिळाला, म्हणजे कागदावर मिळाला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत एकट्या डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य आलं. तिथे पक्षाचा उमेदवार पक्षांतर्गत मतदानानं ठरतो, त्याला प्रायमरी म्हणतात. टेक्सासमध्ये ती जुलैत व्हायची आणि तिथे जिंकला तो निवडून आल्यातच जमा. नोव्हेंबरचं मतदान म्हणजे नुसती वरात, लग्न जुलैतच लागलेलं.

१९२३ साली टेक्सासच्या विधिमंडळानं कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत काळ्यांनी मत द्यायचं नाही. एल पासो गावात डॉ. लॉरेन्स निक्सन नावाचे काळे डॉक्टर होते. १९२४च्या जुलैत ते मतदानाला गेले. केंद्रावरचे अधिकारी ओळखीचे होते, त्यांनी नाइलाजानं परत पाठवलं. निक्सन कोर्टात गेले आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कायदा रद्द केला: सरकार असा भेद करू शकत नाही.

मग टेक्सासनं काय केलं? कायदा बदलून अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीला दिला. कार्यकारिणीनं तोच नियम केला. निक्सन पुन्हा कोर्टात, आणि १९३२ साली पुन्हा जिंकले, कारण कार्यकारिणीला तो अधिकार सरकारनंच दिला होता. हा निकाल लागून महिना उलटायच्या आत पक्षाच्या राज्य अधिवेशनानं ठराव केला की आमचे सदस्य फक्त गोरे. आता सरकारचा हात कुठेच दिसत नव्हता. ह्यूस्टनच्या ग्रोव्ही नावाच्या न्हाव्यानं दावा लावला, तर १९३५ साली न्यायालयानं एकमतानं सांगितलं की पक्ष ही स्वेच्छेची संघटना आहे, तिनं ठरवावं.

म्हणजे सरकारनं केलं तर गुन्हा, आणि तेच पक्षानं केलं तर खासगी मामला. काळ्या माणसाच्या बाजूनं बघा, त्याला काय फरक पडला? दार तेच आणि बंदच, फक्त आता कडी आतून घातलेली.

हे नऊ वर्षं चाललं. ३ एप्रिल १९४४ रोजी स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्याचा निकाल आला. लॉनी स्मिथ हे ह्यूस्टनचे दंतवैद्य, आणि वकिलांमध्ये थरगुड मार्शल, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं आपलाच १९३५चा निकाल फिरवला. प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे, तेव्हा ती चालवणारा पक्ष नुसता क्लब राहत नाही. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती रॉबर्ट्स चिडले होते. त्यांचं म्हणणं, असे निकाल बदलायला लागलो तर ते त्या दिवशीच्या त्या गाडीपुरत्या रेल्वे तिकिटासारखे होतील. १९३५चा निकाल त्यांनीच लिहिलेला, तेव्हा राग समजू शकतो.

पण माझ्या सभामंडपाशी खरं नातं सांगणारी गोष्ट पुढची आहे. टेक्सासमध्येच फोर्ट बेंड नावाचा परगणा आहे. तिथे १८८०च्या दशकात काळे बहुसंख्य होते आणि त्यांच्या मतांवर निवडून आलेले लोक परगणा चालवत होते. त्यांना 'सुतारपक्षी' म्हणायचे, विरोधी गोऱ्या गटाला 'जेबर्ड'. नावं पाखरांची, पण १८८९ साली भर गावात गोळीबार होऊन माणसं मेली. त्याच वर्षी जेबर्डांनी आपली संघटना काढली. परगण्यातला प्रत्येक गोरा मतदार आपोआप सदस्य. ही संघटना प्रायमरीच्याही आधी, मे महिन्यात, आपलं आपलं मतदान घ्यायची. खर्च स्वतःचा, सरकारी मतपत्रिका नाही, कायद्यात उल्लेख नाही, स्वतःला पक्षही म्हणवत नव्हती. तिथे जिंकलेला माणूस जुलैच्या प्रायमरीत उभा राहायचा, बहुतेक वेळा समोर कुणीच नाही, आणि नोव्हेंबरातही तोच. साठ वर्षं. दरम्यान १९४४चा निकाल येऊन गेला आणि काळे लोक प्रायमरीत मत देऊ लागले. फक्त तिथे ठरवायला काही उरलंच नव्हतं.

बिनविरोध!

१९५३ साली टेरी विरुद्ध अॅडम्स खटल्यात न्यायालयानं हेही बंद केलं, पुन्हा आठ विरुद्ध एक. आठ जणांना कारणं एका सुरात सांगता आली नाहीत, तीन वेगवेगळी मतं लिहिली गेली. एकटे पडलेले न्यायमूर्ती मिंटन म्हणत होते की हा नुसता दबावगट आहे, आणि दबावगट तर सगळेच असतात. हा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. उद्या चार शेतकरी एकत्र बसून "आपण याला मत देऊ" म्हणाले, तर तिथे कायदा आणायचा का? नाही. पण साठ वर्षं जिथे प्रत्यक्ष निवड होत आली आणि जिथे जन्मावरून प्रवेश नाकारला जातो, ती जागा चार जणांच्या गप्पांची राहत नाही. पाटी काय लावली आहे याला महत्त्व नाही, निर्णय कुठे होतो ते बघायचं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सरळ पक्षाच्या सदस्यत्वावरूनच आला. ब्रिटिश नॅशनल पार्टीची घटना फक्त मूळच्या गोऱ्या वंशाच्या लोकांना सदस्य करायची. २००९ साली तिथल्या समता आयोगानं पक्षाला कोर्टात खेचलं. पक्षानं २०१०च्या फेब्रुवारीत नियम बदलला, पण नव्या अर्जदाराच्या घरी जाऊन दोन तासांपर्यंत मुलाखत घेण्याची अट घातली. कोर्टानं मार्चमध्ये सांगितलं, हा मागच्या दारानं तोच भेद आहे. टेक्साससारखीच खोड, नियम गेला की अट येते. तिथल्या २०१०च्या समता कायद्यात एका समाजाच्या लोकांनी आपल्यापुरती संस्था काढायला परवानगी आहे, पण नोंदणीकृत राजकीय पक्षाला ही सवलत नाही. नेदरलँड्समधल्या एका धार्मिक पक्षानं बायकांना उमेदवारी नाकारली होती. त्यावर वरच्या कोर्टांत भांडण होऊन २०१३ साली नियम गेला आणि २०१४ साली त्यांची पहिली बाई नगरसेविका झाली. पक्ष बुडाला नाही.

आता अवघड भाग. मित्र म्हणाला, "मग बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं काय? नावातच जात आहे." प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली आधी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, त्यात सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण आमदार होते. १९४२ साली नागपुरात फेडरेशन आलं. पुढे सगळ्यांसाठी खुल्या रिपब्लिकन पक्षाची कल्पनाही त्यांचीच, तो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली स्थापन झाला. जेबर्डांच्या हातात दाराची किल्ली होती, फेडरेशन दार ठोठावत होतं. दोघांना एकाच तागडीत घालणं मला मान्य नाही. तरीही नियम एकच हवा असेल तर माझं मत असं: पक्षानं विचाराची अट जरूर घालावी, जन्माची घालू नये. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या पक्षाला या नियमानं काही गमवावं लागणार नाही. अमुक जातीत जन्म नाही म्हणून कार्यकर्ता परत पाठवणं ही त्याची गरज नसते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ सांगतं की नोंदणी हवी असलेल्या पक्षानं संविधानावर, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा लिहून द्यावी. लिहून घेतलं जातं. पण नोंदणी झाल्यावर ती काढून घेण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय. संविधानाच्या कलम १५मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, पक्ष नाहीत. आणि फक्त पारशांना सदस्यत्व देणारी गृहनिर्माण संस्था २००५ साली त्याच न्यायालयानं वैध ठरवली. त्यामुळे उद्या कुणी उघड जातीच्या अटीचा पक्ष काढला, तर त्याला नोंदणीच्या वेळी अडवता येईल कदाचित, पण नंतर कुणी अडवायचं याचं सरळ उत्तर कायद्यात नाही. आपले पक्ष असा नियम छापतच नाहीत म्हणा. छापायची गरज कुठे पडते?

एक उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे. २०२१च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोली निवडणुकीच्या कागदांवर कुठेच नव्हती. तरी आयोगानं कागदाच्या मागे जाऊन बघितलं. पैशासाठी बघता येतं, तर जातीसाठी आणि बायांना बाहेर ठेवण्यासाठी का नाही?

डॉ. निक्सन यांनी २२ जुलै १९४४ रोजी, वीस वर्षांनी, बायकोला बरोबर घेऊन त्याच केंद्रावर मत दिलं. आजी मात्र शेवटपर्यंत त्या सभामंडपातल्या बैठकीला गेली नाही. दर्शनाला रोज जायची.

तुमच्या गावात अशी बैठक होते का, कुठे होते आणि तिथे कोण कोण असतं? खाली लिहा. माणसांची नावं नकोत, फक्त कोण होतं आणि कोण नव्हतं एवढंच.