संत्रा हंगामात पिकअपचा गिअरबॉक्स: दुरुस्ती करावी की बदलावा?

नागपूर भागात आंबिया बहाराची संत्री साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये काढणीला येतात. ऐन हंगामात पिकअप बंद पडली, तर कळमना बाजारात माल नेण्यासाठी भाड्याची गाडी करावी लागते. म्हणून गिअर अडकू लागताच, काढणीपूर्वीच तपासणी करून घ्यावी.

आधी दोष ओळखा
- इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही: बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते.
- न्यूट्रलमधील आवाज क्लच दाबताच थांबतो: इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासावे.
- एकच गिअर घासतो किंवा निसटतो: त्याची सिंक्रो रिंग व दाते तपासावेत.

अशा वेळी बहुतेकदा सुटे भाग बदलून काम भागते. केसिंग तडकले असेल किंवा अनेक गिअरचे दाते तुटले असतील, तर पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा विचार करावा.

जुना गिअरबॉक्स घेताना
- मॉडेल, वर्ष, बीएस श्रेणी व केसिंगवरील क्रमांक जुळवावा.
- ऑईल काढून पाहावे. धातूचे तुकडे आढळल्यास घेऊ नये.
- शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा.
- आरसीवर चेसिस व इंजिन क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. चोरीचा माल टाळण्यासाठी पक्के बिल व मूळ गाडीच्या कागदपत्रांची प्रत घ्यावी. हमीची मुदत बिलावरच लिहून घ्यावी.

बसवताना क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग व ऑईल सील तपासून गरजेनुसार त्याच वेळी बदलावे. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाचते.