न वापरलेल्या युनिटचा हिशेब

भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कपाटात विजेच्या जुन्या बिलांचा गठ्ठा आहे. पुरवठा तोच, पण बिलाच्या माथ्यावरचं नाव बदलत गेलेलं दिसतं: बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे म्हणून सचिव या नात्याने मी तो गठ्ठा काढला आणि एका वेगळ्याच प्रश्नात अडकलो. वीज कमी वापरणाऱ्याला सवलत द्यावी, ही कल्पना आली कुठून? आणि त्या सवलतीला पात्र कोण, हे कसं ठरलं?

कल्पना तशी उफराटीच. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘माल कमी घे’ म्हणून पैसे द्यावेत, तशी. तिला बळ मिळालं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. नवं वीजकेंद्र बांधण्यापेक्षा वापर घटवणं स्वस्त पडू शकतं, हे अमेरिकेत ध्यानात आलं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा योजना तपासण्याची पद्धत घालून दिली. तिच्या मुळाशी तीन साधे प्रश्न आहेत. भाग घेणाऱ्याचा फायदा किती? एकूण खर्चापेक्षा टळलेला खर्च जास्त आहे का? आणि भाग न घेणाऱ्याच्या दरावर काय परिणाम होतो?

महाराष्ट्रात हा विचार एन्‍रॉनच्या वादळाच्या काळात पुढे आला. दाभोळच्या महागड्या विजेवरून रण पेटलेलं असताना पुण्याच्या ‘प्रयास’चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी राज्यासाठी किमान खर्चाच्या वीजनियोजनाची मांडणी केली. वाचवलेलं युनिट हेही पुरवठ्याचंच साधन, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. २०१० मध्ये आयोगाने मागणी-व्यवस्थापनाचे दोन विनियम आणले, एक अंमलबजावणीचा आणि दुसरा खर्च-लाभ तपासणीचा. योजनेचा मंजूर खर्च वीजदरातून वसूल होऊ लागला, म्हणजे सगळ्यांच्याच बिलांतून.

केंद्राचं तारांकित लेबल २००६ मध्येच आलं होतं. त्यामुळे ‘कार्यक्षम’ म्हणजे काय, याला मोजमाप मिळालं. मग मुंबई परिसरात जुना पंखा, फ्रिज, एसी देऊन पंचतारांकित घेण्याच्या योजना निघाल्या. ७५ वॅटच्या पंख्याजागी ५० वॅटचा आला आणि तो रोज दहा तास फिरला, तर वर्षाला सुमारे ९० युनिट वाचतात. पण जुना पंखा शेजारच्या खोलीत लागला तर हिशेब कोसळतो. जुनी वस्तू जमा करण्याची अट त्यासाठीच. मला ती पूर्वी कटकट वाटायची. आता तिच्यामागचं गणित कळतं.

२०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत मोजमाप बदललं. इथे पैसा केंद्राच्या तिजोरीतून येतो. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे घरामागे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. पॅनेल देशी बनावटीचे हवेत आणि मुख्य म्हणजे छपरावर हक्क हवा.

आणि छप्पर हेच आमच्या गावाचं दुखणं. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती, बहुतेक वस्ती इमारतींत. आमच्या गच्चीचा अर्धा भाग गळती थांबवणाऱ्या पत्र्याच्या शेडखाली, उरलेल्यात पाण्याच्या टाक्या. पॅनेलना जागा मिळाली तरी त्यांची वीज लिफ्टला, पंपाला आणि जिन्यातल्या दिव्यांना.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू काकूंनी विचारलं, “भाऊ, यात माझं काय?” छप्पर त्यांचं नाही. देखभालखर्च कमी झाला तर तो वाचणार घरमालकाचा. पण वीजदरातून योजनांचे पैसे त्या भरतात, साबणापासून चहापर्यंतच्या करातूनही भरतात. १९८३ च्या पद्धतीतला तिसरा प्रश्न काकूंनी कुठलंही पुस्तक न वाचता विचारला होता.

वाचवलेल्या युनिटची मोजदाद चाळीस वर्षांत खूप सुधारली. वाचवणाऱ्या माणसाची मोजदाद मात्र अजूनही बिलावरचं नाव आणि छपरावरचा हक्क यांपाशीच थांबते. येत्या सर्वसाधारण सभेत मी पॅनेलचा ठराव मांडणार आहे. त्याच्या खाली दुसराही एक मांडेन: देखभालीत जे वाचेल, त्यातला वाटा भाडेकरूच्या भाड्यातून वजा व्हावा. घरमालकांवर तो बंधनकारक नसेल, हे मला ठाऊक आहे. पण काकूंचा प्रश्न निदान इतिवृत्तात तरी नोंदला जाईल.