तेरा हजार रुपये महिना

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरू कैदेत होते, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण हाच कैदी १९२९ च्या नागपूर अधिवेशनात 'आयटक' या देशव्यापी कामगार संघटनेचा अध्यक्ष होता, हे आम्हा पत्रकारांच्या जयंती-पुण्यतिथीच्या बातम्यांत येत नाही.

आता गंमत बघा. नेहरू किल्ल्यात असताना इंग्रज सरकार दुसऱ्या एका कामगार संघटनेला दरमहा १३ हजार रुपये देत होतं! मानवेंद्रनाथ रॉय आणि जमनादास मेहतांची 'इंडियन फेडरेशन ऑफ लेबर'. युद्धाच्या कारखान्यांत काम थांबू नये, म्हणून हा पैसा. रॉय विकले गेले असं मी म्हणणार नाही. आधी हिटलर हरला पाहिजे, हे मत त्यांनी युद्धाच्या सुरुवातीपासूनच मांडलं होतं. सरकारला ते सोयीचं होतं, एवढंच.

एरवी हेच सरकार कसं वागायचं? १९२६ ला ट्रेड युनियन कायदा केला. सात जणांनी अर्ज करायचा, नोंदणी मिळवायची, संप केला म्हणून कटाच्या खटल्याची भीती नाही. छानच. फक्त मालकानं त्या युनियनशी बोललंच पाहिजे, असं त्यात कुठंच नव्हतं. १९२८ ला मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या, गिरणी कामगार युनियन वाढली, आणि मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर मीरत खटल्यात आत. त्याच वर्षी कामगारांची परिस्थिती तपासायला रॉयल कमिशनही नेमलं. आधी पोलीस, मग आयोग.

मान्यतेचा तो राहिलेला मुद्दा नोव्हेंबर १९४३ मध्ये विधेयकात आणला डॉ. आंबेडकरांनी. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खातं त्यांच्याकडं होतं. म्हणजे पैसे देणारं आणि हे विधेयक आणणारं सरकार एकच! मालकांनी विरोध केला, विधेयक रेंगाळलं. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला जात होते.

शेवटी १९४७ ला मान्यतेचा कायदा मंजूर झाला. पण तो अमलात कधी आणलाच नाही. इंग्रज गेले होते, पंतप्रधान होते आपल्या किल्ल्यातले कैदी, आयटकचे माजी अध्यक्ष. महाराष्ट्रानं १९७१ ला स्वतःचा कायदा केला, तेव्हा कुठं आपल्याकडं ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मागायला कागद मिळाला.